मोजे घालून प्रदक्षिणा

“तास संपला की मोजे आधी काढायचे, काकू. तुमच्या पायांना जे कळतं, ते त्यांतल्या सेन्सरमधून इथे माझ्या पायांनाही कळतं.” पडद्यावरून बॅले शिकवणाऱ्या ऋजुताने पहिल्याच दिवशी बजावलेलं. काल मात्र कुमुदकाकू साफ विसरल्या आणि तशाच मांडी घालून दोन तास पोथीला बसल्या.

तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली पोर, तिच्या बधिर पायांना आपण काय भोगायला लावलं? जपाचे मणीही चुकत होते. शेवटी त्यांनीच फोन लावला.

“मुंग्या आल्या हो पायांना,” ऋजुता म्हणाली. “चार वर्षांनी. रडलेच मी.”

“अगं, पण आपला तास तर रोज पोचतो ना तुला?”

“नाच मिळतो, काकू. साधं बसणं, चालणं कुणी देत नाही. उद्या प्रदक्षिणा घालताना ठेवाल मोजे?”

“ठेवीन,” त्या बोलून गेल्या, आणि पुन्हा घालमेल सुरू झाली. प्रदक्षिणा अनवाणीच घालायच्या, असा एकवीस वर्षांचा नेम होता.

सकाळी औदुंबरापाशी त्यांनी चपला काढल्या, दत्ताला हात जोडले आणि मोज्यांसकट पहिलं पाऊल हळूच टाकलं.