सात वाजून दहा मिनिटांची तार

मॉरीन ऐंशीची झाली, तरी एक गोष्ट तिला आयुष्यभर छळत होती. आपण जन्मलो हे बाबांना कळलं होतं का? तिचे वडील सिरिल दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानात शेपटाकडच्या गनवर असायचे. ती जन्मली त्याच दिवशी संध्याकाळी त्यांचं विमान जर्मनीकडे गेलं, ते परत आलंच नाही.

तिची लेक हेदर वर्षभर जुन्या कागदांच्या मागे होती. शेवटी आजोबांच्या फाइलमध्ये तिला न फोडलेली तार सापडली. "मुलगी झाली. दोघी सुखरूप." तार हवाई तळावर पोचल्याची वेळ होती सात दहा. विमान उडालं होतं सहा पंचवीसला.

घरी येताच आईनं दारातच गाठलं. "सांग ना गं, कळलं होतं त्यांना?"

आईचा चेहरा बघून हेदरच्या तोंडून खरं निघेना.

"हो आई. उडायच्या आधीच तार मिळाली होती. विमानातल्या सगळ्यांना सांगत सुटले होते म्हणे!"

मॉरीन हसली. मग हळूहळू ते हसू मावळलं आणि ती खुर्चीत बसली.

 

"म्हणजे मी झाल्याचं कळलं, तरी गेले?"