गच्चीवरचा माणूस

“कुठं चाललात, जावई?”

“साबण आणायला, मामा.”

“साबण घरात हाय.”

ओट्यावर बसलेल्या केसरीनाथांनी एवढंच म्हटलं आणि त्यांचा जावई भाविक फाटकापासून मागे फिरला. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या त्या घराला तीन बाजूंनी गोदामांच्या भिंती होत्या. चौथ्या बाजूला फाटक होतं आणि फाटकासमोर सासरा.

भाविक वज्रेश्वरीचा. आयटीआय शिकलेला, इंजिनात हात घातला की तहानभूक विसरणारा. केसरीनाथांच्या एकुलत्या एक मुलीशी, उन्नतीशी, लग्न ठरताना ‘घरजावई होऊन राहीन’ असा शब्द त्याने देऊन टाकला होता. लग्नाआधी माणूस कशालाही हो म्हणतो. आता दिवसभर गोदामांवर येणारे ट्रक बघायचे आणि संध्याकाळी सासरे सासूकडून, पुतळाबाईंकडून, चाव्या मागून घेऊन कुलपं लावत फिरत, तेव्हा त्यांच्यामागून चालायचं. त्याचा जीव गुदमरत होता. उन्नतीला ते दिसत होतं, पण आईबापापुढे तिचंही काही चालत नव्हतं.

कबुतरांचा नाद लागला तो यातूनच. एका गोदामात पत्र्याखाली एक कबूतर अडकलं होतं. उजेड दिसत होता, दार सापडत नव्हतं. भाविकने शिडी लावून ते पकडलं. पायातल्या रिंगवर फोन नंबर होता. फोन केला तसा भिवंडीतला मुबश्शिर नावाचा लूमवाला, यंत्रमाग चालवणारा, धावतच आला. शर्यतीचं पाखरू होतं ते, वाट चुकलेलं.

“मला विकत देता?” भाविकने विचारलं.

“घेऊन काय करणार, भाई? सोडलं की माझ्याच घरी येणार. जिथं वाढतं तिथंच परततं ते. मी तुम्हाला पिल्लं देतो. तुमच्या गच्चीवर वाढवा, मग कुठंही नेऊन सोडा.”

भाविकने गच्चीवर कबुतरांसाठी ढाबळ बांधली. शिट्टी घालून बाजरी टाकायची, म्हणजे पाखरं शिट्टीला उतरायला शिकतात, हे मुबश्शिरने शिकवलं. सासरे नाक मुरडतील अशी भाविकला भीती होती. पण केसरीनाथ रोज संध्याकाळी वर येऊन ढाबळीपाशी उभे राहू लागले.

मग सराव सुरू झाला. आधी पडघा, मग शहापूर, मग कसारा. टोपली घेऊन भाविक जाई, सोबत गोदामाचा ड्रायव्हर असे आणि त्याचा फोन सासऱ्यांशी चालूच असे. तरी त्या वाऱ्याने भाविकला हुशारी येई. गच्चीवर केसरीनाथ वाट बघत. पाखरं यायची, पण त्यांच्या हाताला लागायची नाहीत. भाविक परत येऊन शिट्टी घालेपर्यंत पाण्याच्या टाकीवर बसून राहायची.

अशात नाशिकच्या मित्राचा फोन आला. तो गॅरेज काढत होता. भाविक आला तर भागीदार, नाही तर दुसरा माणूस तयार होता. उद्घाटन ज्या रविवारी, त्याच रविवारी कबुतरवाल्यांच्या क्लबची शर्यत नाशिकहून सुटणार होती. शर्यतीचा नियम असा, की प्रत्येक घरचा एक माणूस आदल्या संध्याकाळी पाखरांसोबत टेम्पोतून जायचा आणि एक गच्चीवर थांबायचा. पाखरू आलं की हातात धरून लगेच फोटो पाठवायचा. या खेपेला सोबत ड्रायव्हर नसणार होता.

“तू पुढं हो,” उन्नती म्हणाली. “मी मागनं येते.”

त्या आठवड्यात केसरीनाथांना भलत्याच चौकशा सुचू लागल्या.

“नाशकात टेम्पो कुठं थांबतो?”

“पेठ रोडला, मामा.”

“एस्टी स्टँड तिथनं लांब हाय का? सकाळी पुढच्या गाड्या मिळतात?”

म्हाताऱ्याला वास लागला होता, यात शंकाच नव्हती.

शनिवारी संध्याकाळी टेम्पो फाटकाशी आला. भाविकने टोपलीखाली कपड्यांची पिशवी दडवली होती. केसरीनाथ पांढरा धुवट सदरा घालून बाहेर आले.

“पाखरांसंगं मी जातो.”

“मामा, तुम्हाला कशाला त्रास?”

“तुमच्या शिट्टीला उतरतात ती. माझ्यापुढं टाकीवर बसून राहतात. मग फोटो काय टाकीचा धाडू? गच्चीवर तुम्हालाच थांबाय लागंल.”

ते खरंच होतं. केसरीनाथांनी टोपली उचलली, खालची पिशवी ओढून काढली आणि काही न विचारता त्याच्या हातात दिली. टेम्पो गेला. भाविकला वाटलं, आपण आता या भिंतींतच म्हातारे होणार.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर पहिलं पाखरू आलं. भाविकने शिट्टी घातली, ते थेट त्याच्या हातावर उतरलं. त्याने फोटो पाठवला. थोड्या वेळाने परतीच्या टेम्पोतून मुबश्शिरचा फोन आला.

“मुबारक हो, भाई! पहिला नंबर!”

भाविकला रडू कोसळलं. नाशिकला एव्हाना गॅरेजचा नारळ फुटला असेल, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून.

“आमचे मामा कुठवर आले?” त्याने डोळे पुसत विचारलं.

“ते टेम्पोत बसलेच नाहीत. पाखरं सुटली, तसे चहा घेऊन येतो म्हणून गेले. आम्ही किती थांबलो!”

केसरीनाथांचा फोन बंद होता. भाविक धडाधडा जिना उतरून स्वयंपाकघरात गेला. पुतळाबाई सुकट निवडत होत्या.

“मामी, मामा परत आले न्हाईत. फोन लागत न्हाय. मी नाशिकला जातो शोधायला.”

“काय गरज न्हाय. मला सांगून गेलेत त्ये,” पुतळाबाई म्हणाल्या. त्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि त्याच्याकडे नीट बघितलं. “गाव आता इसरलं म्हणून तुला कुणी बोललं न्हाय. त्येबी घरजावईच, माझ्या बापानं आणलेले. लूमवरचा कामगार बदलीचा माणूस आल्याबिगर ड्युटी सोडतो का रं?”