बुरुलचं गाणं, बाजू तिसरी

"कात्री नको, आतल्या वेष्टनाला ओरखडा जाईल," असं म्हणत मेलिसने पार्सलची चिकटपट्टी नखाने सोलायला घेतली. समोर बसलेल्या बुरुलने कात्री निमूट खाली ठेवली.

"अडतीस वर्षं थांबलास, आणखी अर्धा तास थांब," ती म्हणाली. "बोर्सोकच्या पुऱ्या तळून ठेवल्यात, तेवढ्यात त्या गार होतील."

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मेलिसने आपला पहिला आणि शेवटचा अल्बम केला होता. दोन सिंथेसायझर, एक तालयंत्र आणि काकांचा जुना तीन तारांचा कोमुझ, एवढंच भांडवल. सरकारी मंजुरीसाठी टेप पुढे गेली ती गेलीच. मग देशच मोडला, त्यात गाण्यांची चौकशी कोण करणार? दोन वर्षांपूर्वी बर्लिनच्या एका बाईला ती टेप कुठल्याशा कपाटात सापडली आणि तिने तबकड्या काढायचं मनावर घेतलं. तेव्हापासून मेलिसने बिश्केकच्या पोस्टात इतके खेटे घातले, की खिडकीतली बाई त्याला लांबून पाहूनच मान हलवायची.

आज तबकड्या आल्या होत्या. एक नव्हे, दोन. आणि एवढ्या आनंदातही मेलिसला एका गाण्याची धास्ती होती. तिसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं होतं 'बुरुल'.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दौऱ्यावर निघताना त्याने हे गाणं कॅसेटवर उतरवून तिला दिलं होतं, सोबत ओशच्या बाजारातून घेतलेला एक जुना टेपरेकॉर्डर. गाणं होतं नाचायचं. घोडा चौखूर उधळावा असा ताल. चार महिन्यांनी तो परतला तेव्हा बुरुल तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन तेच ऐकत होती, पण गाण्यातला घोडा पाणी पिऊन रमतगमत घरी निघाला होता.

"माझ्या मनातलं वाजवलंस," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

बाजारवाल्याने गंडवलं होतं, यंत्रच हळू चालत होतं. मेलिसने सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. ते आजतागायत मिटलेलं होतं.

त्या गाण्यावर तिन्ही मुलं झोपली. बुरुलची आई गेली त्या हिवाळ्यात ती रोज संध्याकाळी तेच लावून बसायची. त्या टेपरेकॉर्डरवर दुसरी कॅसेट लावायची नाही आणि दुरुस्तीलाही कोणी हात लावायचा नाही, असा घरात तिचा दंडक होता. आठ वर्षांपूर्वी फीत गुंतून तुटली तेव्हा ती दिवसभर जेवली नाही. अशा बाईला आता कुठल्या तोंडाने सांगायचं, की तू जे आयुष्यभर जिवापाड जपलंस ते मी वाजवलंच नव्हतं?

पण तबकडीवर एक पळवाट होती. तबकड्या मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाने फिरवायच्या होत्या, आणि त्याच्या ग्रामोफोनला तेहतीसचाही खटका होता. तेहतीसवर हे गाणं जवळपास त्या जुन्या चालीनेच चाललं असतं. फक्त खटका हलवताना बुरुल समोर नको होती.

बुरुलच्या चष्म्याची काडी सैल झाली होती. मीटरच्या कारखान्यातून निवृत्त होताना आणलेल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने तिने ती आवळली आणि वेष्टन वाचायला घेतलं.

"माझं नाव छापलंय की. आणि हे पंचेचाळीस काय?"

"असंच. काहीतरी मोजमाप असतं."

"मला वाटलं, वादकाचं वय. म्हटलं, थाप मारली की काय त्या बाईला."

पहिली तबकडी सुरू झाली. भरदुपारी घर दणाणून गेलं. आपणच वाजवलेलं मेलिस कान देऊन ऐकत होता. कुठे काकांचा कोमुझ मधेच उसळी घेत होता, कुठे त्याची स्वतःची एक चूक तशीच राहून गेली होती. बुरुल पाय हलवत ऐकत होती.

"तरुणपणी सदा घाईतच असायचास," ती म्हणाली. "गाण्यातसुद्धा."

पहिली तबकडी संपली. मेलिसने दुसरी काढली.

"जरा चहात दूध घाल ना."

"घातलंय."

"मग जर्दाळूचा मुरंबा आण."

बुरुलने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि आत गेली. मुरंब्याच्या एका बरणीसाठी तिने बराच वेळ लावला. मेलिसने खटका तेहतीसवर नेला आणि सुई टेकवली.

घोडा रमतगमत निघाला.

बुरुल बरणी घेऊन दारातच थांबली. मग हळूच येऊन त्याच्या शेजारी बसली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मेलिसला वाटलं, सगळ्या जगाने हा अल्बम ऐकला नाही तरी चालेल. ज्या एका माणसासाठी केला होता त्याच्यापर्यंत तो सुखरूप पोहोचला होता.

"तेच," ती म्हणाली. "अगदी तेच आहे."

"मग? दुसरं काय असणार?"

बुरुलने तळहाताने गाल पुसले आणि बोर्सोकवर मुरंबा लावायला घेतला.

"आता तो खटका परत पंचेचाळीसवर ने, नाहीतर पुढची गाणी पेंगायला लागतील."

मेलिसचा हात सुईवरच राहिला. "म्हणजे... तुला यंत्राचं माहीत होतं?"

"यंत्राला कशाला दोष देतोस, यंत्र चांगलं होतं," बुरुल म्हणाली. "तुझ्याच गाण्याला घाई फार होती, पोरगी दचकून उठायची. म्हणून तू दौऱ्यावर गेल्यावर मोटरच्या वेगाचा स्क्रू मीच सैल केला."