साडेपाचची गाडी

साडेपाचच्या गाडीसाठी बायका उठल्या तेव्हा सारिकाचा कार्यक्रम ऐन मध्यावर आला होता.

रविवारची दुपार, महाडातलं भाड्याचं सभागृह, आणि स्टेजवर एक माईक नि ती. एकटीने उभं राहून तासभर माणसांना हसवायचं. मुंबईत इतकी वर्षं ती हेच करत आली होती. आधी कॅफेंच्या मागच्या खोल्यांत, मग मोठ्या हॉलमध्ये, आणि आता बहुतेक वेळा मोबाइलच्या पडद्यावर, मिनिटभरात. तिची कामं बघणारा शुभम म्हणायचा, तासभर कोण बसतंय आता? समोरच्यांना दोन प्रश्न विचार, त्याचे तुकडे काढू, तेच चालतात. पण सारिकाला तास हवा होता. माणसं आधी खुर्चीत मागे रेलतात, मग हळूच पुढे सरकतात, आणि हसू फुटण्याआधी क्षणभर सगळं सभागृह गप्प होतं, ते गप्प होणं तिला पुन्हा ऐकायचं होतं. खपून, खोडून, पुन्हा लिहून तिने हा तास बांधला होता. मुंबईत त्याला कोणी जागा देईना, म्हणून पहिला प्रयोग आपल्याच मुलखात लावला.

माणसं मात्र वेगळ्याच ओढीने आली होती. तिचा मोबाइलवरचा एक तुकडा गावोगाव फिरला होता. मुंबई लांब आहे म्हणून फोनवर ओरडून बोलणाऱ्या आईची नक्कल. बिरवाडीहून आलेले कारखान्यातले कामगार सुरुवातीपासून ‘आईचा फोन, आईचा फोन’ करत मोबाइल उंचावून बसले होते.

ती आई, बनुबाई, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतून चार बायकांना घेऊन आली होती. पहिल्या रांगेत, हनुवटीखाली हात धरून बसली होती. लेकीचा कार्यक्रम तिने कधी पाहिला नव्हता, आणि आजही आतापर्यंत ती एकदाही हसली नव्हती. पूर्वी शेतात नाचणीच्या लावणीत सारिकाने शेजाऱ्यांच्या नकला केल्या, की हीच बनुबाई हसता हसता बांधावर बसायची. त्या हसण्याच्या भरवशावर तर पोर मुंबईला गेली होती.

सारिका तिच्या मुंबईतल्या पहिल्या खोलीचं सांगत होती. खोलीला खिडकी नव्हती. भिंतीवर एक कॅलेंडर होतं. फारच उकडायला लागलं की ती डिसेंबरचं पान पुढे लावायची.

थोडी माणसं हसली. तेवढ्यात वाडीच्या बायका उठल्या. एकीने बनुबाईचा दंड धरून सांगितलं, चल गो, गाडी जाईल. बनुबाईने तिच्याकडे न बघताच ‘नाही’ अशी मान हलवली. बायका वाकून, पदर सावरत, देवळातून निघाल्यासारख्या निघाल्या. त्यांच्यामागे आणखी काही खुर्च्या सरकल्या. त्यातलं कोण गाडीसाठी चाललंय आणि कोण कंटाळून, हे स्टेजवरून कळत नव्हतं.

आईच्या आवाजात एकदा ‘हॅलो’ म्हणून ओरडलं असतं, तर दारातली माणसंसुद्धा परत फिरली असती. शब्द ओठांवर आला. सारिकाने समोर बसलेल्या आईकडे पाहिलं, तो गिळला, आणि पुढचं सांगू लागली.

"आई फोनवर विचारायची, जेवलीस का? मी सांगायचे, हॉटेलात हाय. खोटं नव्हतं ते. मी हॉटेलातच असायचे."

ती थांबली. सभागृह गप्प झालं.

"जेवणारे दुसरे असायचे. मी त्यांना हसवायला असायचे."

उरलेली माणसं मनापासून हसली. एकाने तर मोबाइल खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. बनुबाई हसली नाही.

कार्यक्रम संपला. टाळ्या विरळ होत्या, पण होत्या. सभागृह रिकामं झालं आणि शुभमचा फोन आला. तो मुंबईत बसून मोबाइलवर सगळं बघत होता. म्हणाला, तास काही जमत नाही, पण सुरुवातीला समोरच्या त्या चष्मेवाल्याला बायकोचं नाव विचारलंस ना, तेवढं मस्त झालंय, आजच टाकू. सारिका ‘बघते’ म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकून खाली उतरली.

आई अजून त्याच खुर्चीत होती.

"गाडी चुकवलीस आये."

"सकाळची हाय की."

मागच्या रांगांतल्या खुर्च्या एक माणूस एकात एक घालत होता. मग बनुबाई म्हणाली, की बायका त्या फोनच्या गमतीसाठी आल्या होत्या, हिरमुसल्या बिचाऱ्या. आईसमोर आईची नक्कल करायला जीभ रेटली नाही, असं सारिकाने सांगितलं. त्यावर बनुबाईने नुसतं हूं केलं. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"त्या हॉटेलात जेवत नव्हतीस, ते खरं हाय का गो?"

"विनोद होता गो तो."

"तो लोकांना झाला. मी माझं विचारतंय."

सवयीने सारिकाच्या जिभेवर एक उत्तर आलं. शेवटी हशा ठेवलेलं, नेमकं. ते न देता तिने फक्त ‘हो’ अशी मान हलवली.

बनुबाईने पदराच्या टोकाने शेजारची खुर्ची पुसली.

"बस. आता पुढचं सांग. हिथं हसायला कोण नाय."