देखणं बटण

बाबांची नजर अधू झाली, तेव्हा तिने त्यांच्या टच-स्क्रीनच्या संगणकावर स्वतः लिहिलेला प्रोग्राम बसवला. पडद्याच्या मधोमध एकच बटण होतं, लालभडक, जाड काठाचं, तळहाताएवढं. ते दाबलं की दुसऱ्या गावी तिचा फोन वाजायचा.

बाबा गेले. भेटायला आलेल्या नातेवाइकांसमोर दादा म्हणाला, "बाईसाहेबांच्या बटणाचं भारी कौतुक होतं. शेवटच्या महिन्यात बाबांनी एकदा तरी दाबलं का? तू नकोच होतीस त्यांना!"

महिनाभर फोन वाजला नव्हता, हे खरंच होतं. तिने केला, तर "झोपलेत ते," एवढं सांगून दादा ठेवून द्यायचा.

प्रोग्राम काढून टाकावा म्हणून तिने संगणक सुरू केला. बटण खालच्या कोपऱ्यात गेलं होतं. नखाएवढं, बिनकाठाचं, राखाडीवर राखाडी.

"हे कुणी केलं?"

"मी. काय तो भडक रंग! दिवाणखान्याची पार शोभा घालवली होतीस. आता बघ, कसं देखणं दिसतंय."

तिने संगणक बंद केला.



काळ्या पडलेल्या काचेवर बाबांच्या बोटांचे ठसे होते. तो कोपरा सोडून सगळीकडे.