पाळण्याखाली

बारशाला पाळण्याखालून बाळ द्यायला प्रमिलावन्सं पुढे झाल्या, तशी शोभनाने त्यांना हसत मागे सारलं.

"वन्सं, तुम्ही काडीपैलवान. माझा नातू मीच देते."

पाळी गेलेल्या प्रत्येक बाईच्या कंबरेला आता हाडांचा आवाज ऐकणारा पट्टा असे; हाड मोडायच्या बेतात आलं की तो लाल होई. लाल झालाच तर वन्संचा होईल, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. शोभनाची हाडं दर तपासणीत भरीव दिसत.

बाळाला घेऊन ती वाकली आणि तिचाच पट्टा लाल झाला. "हलू नका. मणका तडकतोय," पट्टा बोलला.

बायकांचं गाणं थांबलं.

"बिघडलाय हा," शोभना म्हणाली. "माझी हाडं जाड आहेत."

"जाड आहेत," पट्टा म्हणाला. "पण पाळीबरोबर हाडं राखणारं इस्ट्रोजेन गेलं, आणि इतक्या वर्षांच्या मधुमेहाने ती आतून ठिसूळ केली. तपासणीत फक्त जाडी दिसते."

प्रमिलावन्सं गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी तिच्या हातांतून बाळ अलगद काढून घेतलं. त्यांचा पट्टा हिरवाच राहिला.

शोभना तशीच वाकलेली होती. रिकामे हात मागे घ्यायचीही तिला भीती वाटत होती.