तेया रोम्बाख रडायची तेव्हा

"कोट काढू नका, क्रोल. शेगडी पेटलेली नाही," दार उघडताच हान्ने म्हणाली. "कोळसेवाला आजही आला नाही."

आर्नो क्रोलने पायपुसण्यावर बूट घासले आणि व्हायोलिनची पेटी छातीशी धरून तो आत आला. हान्ने ही एकेकाळची नटी तेया रोम्बाख हिची थोरली बहीण. बर्लिनच्या स्टुडिओतही ती अशीच दारात उभी असायची. तेयाजवळ जायचं तर आधी हिच्यापुढून जावं लागे.

"ट्राम चुकली वाटतं?"

"माझी ट्राम चुकेल? वीस वर्षं कंडक्टर होतो मी."

"म्हणूनच विचारलं. तुमची ट्राम कधी वेळेवर आली?"

आर्नोला हसू आलं. फेब्रुवारीत ट्रूडे गेली, तेव्हापासून त्याच्याशी असं तिरकं कुणी बोललं नव्हतं.

ट्रूडे त्याची बायको. ती गेल्यावर त्याने पेटी उघडलीच नव्हती. व्हायोलिन गल्लीतल्या चर्चला देऊन टाकायचं त्याच्या मनात होतं. तेवढ्यात हान्नेचा निरोप आला. तेयाला साठ पूर्ण होताहेत, तुम्हाला एकदा वाजवताना बघायचं म्हणते.

आर्नोने ठरवलं, शेवटचं वाजवून बघू. तेयाच्या डोळ्यांत पाणी आलं तर व्हायोलिन घरी न्यायचं. नाही आलं तर परस्पर चर्चला. मग आपल्या हातात काही उरलं नाही, असं समजायचं.

सिनेमा मुका होता, तेव्हा स्टुडिओत वादक ठेवायचे. त्यांचे सूर पडद्यावर जात नसत, पण नटनट्यांना रडू आणायला ते लागत. आर्नो तेयासाठी वाजवायचा. बाकीचे वादक देखाव्याच्या फळ्यांमागे बसत. तेयाने मात्र पहिल्याच दिवशी बहिणीकरवी सांगितलं होतं, हा माणूस कॅमेऱ्याशेजारी, उजेडात उभा राहील. एवढा मान आर्नोला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिला नाही.

तेया होतीच मानी. दिग्दर्शक भोंग्यातून ओरडायला लागला की बाकीच्यांचे पाय लटपटत, पण ती त्याच्याकडे मान वळवायची नाही. आर्नोने तारांवर गज टेकवला की मात्र तिची नजर त्याच्यावर खिळायची आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला तिचे गाल ओले व्हायचे. गावोगावच्या बायका तिकीट काढून ते अश्रू बघायला येत. आर्नो ट्रूडेला घेऊन मागच्या बाकावर बसायचा आणि कोपराने ढोसून म्हणायचा, "हे माझं काम आहे."

"हो बाबा, तुझंच," ट्रूडे म्हणायची. "आता गप बस, लोक बघताहेत."

वाजवताना हनुवटीखाली घ्यायचा रुमाल ती रोज इस्त्री करून पेटीत ठेवायची. संध्याकाळी तो चिंब होऊन परत यायचा.

"त्या दिव्यांनी भट्टी होते नुसती," आर्नो म्हणायचा. "घामाने जीव जातो."

"घामच तो," म्हणत ट्रूडे रुमाल दोरीवर टाकायची.

मग बोलपट आला. तेयाला आवाजाच्या चाचणीला बोलावलं. ती गेली नाही. वर्तमानपत्रांनी तिला शिष्ट म्हटलं, नंतर तिचं नाव घेणंही सोडून दिलं. त्याच हिवाळ्यात वादकांनाही घरी पाठवलं, आणि आर्नो ट्रामवर चढला.

आता तेया खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. केस पांढरे झाले होते, पण डोळे तेच होते. बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर न हलवण्याची तिची जुनी तऱ्हाही तशीच होती.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा," आर्नो म्हणाला. "जाड झालात."

"तू म्हातारा झालास," ती म्हणाली. तिचा आवाज तसाच होता, जाडसर आणि सपाट.

आर्नोने पेटी उघडली. आत ट्रूडेने इस्त्री केलेला शेवटचा रुमाल होता. तो उलगडायला त्याला जरा वेळ लागला. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. त्याने रुमाल हनुवटीखाली घेतला, आणि कोट अंगात ठेवूनच वाजवायला लागला.

फार वाईट वाजलं. बोटं आखडली होती. दुसऱ्याच ओळीत एक तार उतरली आणि सूर कण्हायला लागला. दाराशी उभ्या हान्नेने ओठ दाबून धरले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठी आपटली. थांबावं असं आर्नोला वाटलं. तेवढ्यात त्याची नजर तेयाकडे गेली.

तिचे गाल ओले झाले होते. पूर्वी व्हायचे तसेच.

त्याने गाणं शेवटपर्यंत नेलं. तेयाने त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. मग त्याने रुमालाची घडी न पाहताच कोटाच्या खिशात सारली. तिघांनी प्लमचा केक खाल्ला, जुन्या मंडळींपैकी कोण गेलं आणि कोण उरलं ते काढलं. निघताना आर्नोने पेटी काखेत घट्ट धरली. चर्चला आता दुसरं काहीतरी देता येईल.

हान्ने जिन्यापर्यंत पोचवायला आली.

"हात गेले माझे," आर्नो म्हणाला. "पण बघितलंत ना? सूर अजून पोचतो तिच्यापर्यंत."

हान्नेने आपल्या पाठीमागे घराचं दार ओढून घेतलं.

"क्रोल, आता लपवायचं कुणापासून? स्टुडिओवाल्यांना कळलं असतं तर त्यांनी तिला एक दिवस ठेवलं नसतं. सातव्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला. तेव्हापासून तिला काडीचंही ऐकू येत नाही. ओठ बघून कळतं तेवढंच."

आर्नो उतरलेली पायरी परत चढला.

"मग ती रडायची कशाने?"

"तुमच्याकडे बघून. समोरचा माणूस एवढा रडतोय म्हटल्यावर मला कसं आवरणार, म्हणायची."

"मी? मी कधी रडलो?" आर्नो म्हणाला. "भलतंच काहीतरी. त्या दिव्यांचा घाम असायचा तो."

आणि तिला दाखवायला म्हणून त्याने खिशातून ट्रूडेचा रुमाल काढला. तो चिंब होता.